अखयनिवी

मराठीत 'लेणे' या उच्चाराचे दोन शब्द आहेत. उच्चार एक असला तरी त्यांची कुळे वेगळी आहेत. पहिले 'लेणे' म्हणजे अंगावर धारण करणे. काजळ लेणे, कुंकू लेणे हे प्रयोग आपल्या घराघरांत आहेत आणि त्यावरूनच 'लेणे' म्हणजे अलंकार असा अर्थ रूढ झाला. डोंगरात कोरलेले 'लेणे' निराळ्या वाटेने आले. संस्कृतात 'लयन', प्राकृतात 'लेण', आणि त्याचा अर्थ विसाव्याची, आश्रयाची जागा. सातवाहनकाळातल्या शिलालेखांत हा शब्द राहण्याच्या जागेसाठी अगदी साधेपणाने येतो, आज आपण 'खोली' किंवा 'घर' म्हणावे तसा.

पुढे या दोन शब्दांची मनातल्या मनात सरमिसळ झाली. लेणी म्हटले की आपल्याला डोंगराच्या अंगावरचा दागिनाच आठवतो. आपण लेणी 'पाहायला' जातो, आणि तेथे कोणी तरी 'राहत' होते हे सहसा ध्यानात येत नाही. अलंकार पाहून परत फिरता येते. आश्रयस्थानाकडे मात्र वेगळ्या दृष्टीने बघावे लागते. तेथे किती माणसे मावतात, पाणी कोठून येते, खर्च कशातून चालतो, हे प्रश्न तेथे विचारावेच लागतात. 'शाश्वत पर्यटन' हा शब्द अलीकडे अभ्यासक्रमांत आणि शासकीय कागदपत्रांत वारंवार आढळतो. त्याचा विचार या जुन्या रहिवाशांच्या शब्दांपासून सुरू करावा, असे मला भाषेची अभ्यासक म्हणून वाटते. या पाठात तेवढेच करायचे आहे.

मी वाशीमची. आमच्या गावातून अजिंठ्याविषयी लिहिणे हे कोणाला आडवाटेचे वाटेल, पण ते तसे नाही. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने 'हरिविजय' हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात रचले. त्याचा मुलगा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ साली वाशीमला उजेडात आला. त्यात राजवंशाचे वर्णन संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात आहे. प्रतिष्ठेची भाषा एक आणि देण्याघेण्याची भाषा दुसरी, हे आपल्या परिचयाचेच चित्र. याच शाखेचा राजा हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळा क्रमांकाचे लेणे खोदवून भिक्षुसंघाला दिले, आणि त्याचा लेख तेथे ओसरीच्या बाहेरच्या भिंतीवर आजही आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेतच, बुलढाणा जिल्ह्यात, आमची पैनगंगा उगम पावते. सांगायचे ते इतकेच की तो डोंगर आम्हांला परका नाही. मेहकर, चिखली, बुलढाणा असे करीत गेलो तर तो एका दिवसाच्या प्रवासावर आहे.

अभ्यासकेंद्राच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी या वाटेने अनेकदा गेले आहे. हे विद्यार्थी म्हणजे आपल्यासारखेच लोक. कोणी एस. टी.त वाहक, कोणी अंगणवाडीत सेविका, कोणी दिवसभर शेतात राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्या गृहिणी. नियमित महाविद्यालयातली मुले शैली, कालखंड, राजवटी विचारतात. या मंडळींचे प्रश्न वेगळे असतात. एकदा एप्रिलमध्ये आम्ही गेलो होतो. खाली वाघूर कोरडी पडली होती. नालाकृती कड्याकडे बघत एका शेतकरी विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, हे लोकं उन्हाळ्यात पाणी कोठून पेत असतीन?"

इतक्या वर्षांत मी ऐकलेल्या उत्तम प्रश्नांपैकी तो एक आहे, आणि त्याचे उत्तर शिलालेखांत आहे. महाराष्ट्रातल्या लेण्यांचे प्राकृत दानलेख वाचू लागलो की 'लेण' या शब्दाच्या सोबतीला आणखी एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. तो शब्द 'पोढी', म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. मुंबईजवळच्या कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि तेथील दानलेखांत लेणे आणि पोढी ही जोडी सर्वत्र दिसते. दाता राहण्याची जागा देतो आणि त्याच वेळी पाण्याची सोयही देतो. माथ्यावरच्या खडकात पन्हळी कोरून पावसाचे पाणी टाक्यांत उतरवलेले तेथे आजही पाहता येते. पाण्याशिवाय निवारा पुरा होत नाही, हे त्या दात्यांना ठाऊक होते. एखाद्या डोंगरावर नवे विश्रामगृह बांधताना आपण खोल्यांची संख्या आधी ठरवतो आणि पाण्याचा टँकर नंतर शोधतो. त्यांचा क्रम याच्या उलट होता.

दुसरा शब्द 'वर्षावास'. तो आपल्यापैकी अनेकांच्या घरांत आजही जिवंत आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वस्तीतल्या बुद्धविहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते, हे विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. भिक्षूने एरवी फिरत राहावे, पावसाचे तीन महिने मात्र एका ठिकाणी थांबावे, असा हा नियम. त्याचे जे कारण विनयग्रंथांत सांगितले आहे ते पर्यावरणाच्या अभ्यासकाने आवर्जून वाचावे असे आहे. पावसाळ्यात कोवळे गवत उगवते, जमिनीवर असंख्य बारीक जीव वावरतात. अशा दिवसांत भिक्षू फिरत राहिले तर पायांखाली ते चिरडतात, अशी लोकांची तक्रार होती. ती ऐकून हा नियम झाला. आमच्या जिल्ह्यात शिरपूर आणि कारंजा ही जैनांची मोठी स्थाने आहेत. तेथे साधुसाध्वींचा चातुर्मासही याच भावनेने पाळला जातो. भूमी नवी होत असताना तिच्यावरून चालू नये, ही जाणीव या मातीत दोन धर्मपरंपरांनी जपली आहे.

आज मात्र डोंगरांवर सर्वांत मोठी गर्दी होते ती नेमकी पावसाळ्यात. धबधबा कोसळत असतो, कडा हिरवागार असतो, आणि रविवारी वाहनांच्या रांगा लागतात. ज्या ऋतूत त्या डोंगरावरचे मूळ रहिवासी पाऊल आवरून बसत, त्याच ऋतूत आपली पावले तिकडे धावतात. पावसातला अजिंठा पाहूच नये, असे मी म्हणणार नाही. मीही तो पाहिला आहे आणि त्याचे सौंदर्य नाकारणे खोटेपणाचे ठरेल. पण फिरणे आणि थांबणे या दोहोंचे एक वेळापत्रक त्या जीवनपद्धतीत होते. आपण त्यातला फिरण्याचा भाग तेवढा उचलला आहे.

आता तिसरा शब्द, ज्याच्यासाठी हा निबंध लिहिला. तो शोधण्यासाठी अजिंठ्याहून नाशिकला जावे लागते. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात तेथे, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला. उषवदाताने लेणे दिले, आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांची एक ठेव दिली. तिला लेखात 'अखयनिवी' म्हटले आहे. 'अखय' म्हणजे अक्षय. 'नीवी' या संस्कृत शब्दाचे दोन अर्थ आहेत, कमरेच्या वस्त्राची गाठ आणि भांडवल. कनवटीला पैसा बांधून ठेवणाऱ्या आपल्या आजीपणजीला या दोन अर्थांचे नाते समजावून सांगावे लागले नसते.

ही ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघटनांकडे, गुंतवली होती. मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय ज्या गंगापूर धरणाच्या परिसरात आहे तेथेच हे गोवर्धन गाव आहे. २,००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने, आणि १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण या व्याजाने. लेखात एक अट स्पष्ट आहे. मूळ रक्कम परत द्यायची नाही, केवळ वाढीचा, म्हणजे व्याजाचा उपभोग घ्यायचा. आणि तो कोणी घ्यायचा? या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंनी, वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण.

कागद घेऊन हिशेब करून पाहा. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजे पुन्हा २४०. एक कार्षापण कमी नाही, एक जास्त नाही. वीस हा आकडा कोणाच्या इच्छेतून आलेला नाही. ठेवीचे व्याज जितके, तितकीच माणसे. आज पर्यटनशास्त्रात एखाद्या स्थळाची 'धारणक्षमता' ठरवतात, म्हणजे मुळाला धक्का न लावता ते स्थळ किती माणसे पेलू शकते याचा अंदाज घेतात. तो विचार या लेखात पूर्ण आकड्यांनिशी आहे.

हा लेख मी वर्गात समजावून देत होते. 'अक्षय भांडवल', 'मुद्दल', 'उपभोग' असे शब्द वापरीत होते. रिसोड तालुक्यात हळद लावणाऱ्या एक विद्यार्थिनी मागच्या बाकावर होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे मॅडम, बेन्याले हात नाही लावाचा." सारा वर्ग हसला आणि सर्वांना सारे कळले. हळदीचे पीक निघाले की पुढच्या हंगामाचे बेणे बाजूला काढतात. घरात कितीही अडचण आली तरी ते विकत नाहीत. ज्याने बेणे विकले त्याचे शेत पुढच्या वर्षी रिकामे. माझ्या पारिभाषिक शब्दांपेक्षा त्यांचा शब्द अधिक नेमका होता, आणि तेव्हापासून मी अखयनिवीचा अर्थ 'राखून ठेवलेले बेणे' असाच सांगते.

या शब्दाच्या उजेडात अजिंठ्याकडे पुन्हा बघू. तेथे बेणे कोणते? कडा तर आहेच, पण त्याहून नाजूक आहे ती भिंतीवरची चित्रे. खडकावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर रंग. दीड हजार वर्षांचा हा मातीचा पापुद्रा आहे. माणूस आत आला की त्याच्या श्वासाबरोबर बाष्प येते, अंगाची ऊब येते, पायांबरोबर धूळ येते. एका माणसाचे काहीच बिघडवणे नसते. बिघाड होतो तो संख्येने. ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. फ्रान्समधील लास्को गुहेतल्या आदिमानवाच्या चित्रांवर अभ्यागतांच्या श्वासोच्छ्वासामुळे हिरवी बुरशीसारखी वाढ दिसू लागली, आणि १९६३ साली ती गुहा सर्वसामान्यांसाठी बंद करावी लागली. पुढे १९८३ मध्ये तिची प्रतिकृती लोकांसाठी खुली झाली. अजिंठा जागतिक वारसास्थळांच्या यादीत आला तो याच १९८३ साली.

अजिंठ्याच्या चित्रांना अपाय करणारे सारे लोक बेफिकीर होते असेही नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने येथे आला आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव व तारीख कोरून गेला. ते सहज ओळखू येणारे नुकसान. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने चित्रांच्या रक्षणासाठी इटालियन तज्ज्ञ आणले. त्यांनी गिलाव्याच्या निसटत्या कडा पक्क्या केल्या, हे त्यांचे मोठे काम. पण चित्रांवर लाखेचे रोगणही चढवले. काळाच्या ओघात ते पिवळे पडले, त्यावर मळ बसला आणि पुढच्या पिढ्यांना ते उतरवत बसावे लागले. मुद्दल राखण्यासाठी नुसती आस्था पुरत नाही, त्याला ज्ञान आणि धीर लागतो, एवढे यावरून शिकावे.

आज तेथे काही नियम आहेत. खासगी वाहने फर्दापूरच्या तिठ्यावर, लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटर अलीकडे थांबतात आणि पुढे एस. टी. महामंडळाच्या बसने जावे लागते. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात. कॅमेऱ्याच्या झगमगाटाला मनाई आहे. आत प्रकाश मंद असतो. मुख्य चित्रलेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात. सोमवारी लेणी बंद असतात. या सोमवारकडे मी आठवड्याचा छोटा वर्षावास म्हणून पाहते.

नियम सांगणे सोपे, ते आपल्यावर आले की कठीण. आमच्यातल्या एकांनी पहिल्या लेण्यातून बाहेर येताच नाराजीने म्हटले होते, "इतक्या दूरून आलो अन् दहाच मिनिटं पाहू देतेत काय?" त्यांची तक्रार खरी होती. दिवसाची मजुरी बुडवून ते आले होते आणि पुन्हा कधी येणे होईल याची खात्री नव्हती. पद्मपाणीचे चित्र अंधाऱ्या उजेडात डोळ्यांना सापडेपर्यंत त्यांची वेळ संपली होती. मी त्यांना दटावले नाही. मी त्यांना २४० आणि बाराचा हिशेब पुन्हा सांगितला. त्या भिक्षूलाही वर्षाला बाराच मिळत होते, तेरावा मागण्याची सोय नव्हती. ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पण मॅडम, ज्याले वाटून देता त्याले आधी सांगा तरी का एवढंच भेटन." यात मला मोठे तथ्य वाटते. मर्यादा घालताना तिचे कारण माणसाला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे. 'आत जाण्यास मनाई आहे' अशी पाटी म्हणजे आज्ञा. 'आपल्या श्वासातील ओलाव्याने हे चित्र झडते, म्हणून थोडाच वेळ थांबा' अशी पाटी माणसाला राखणदार करते. मराठीचे पदवीधर होऊ पाहणाऱ्या आपणांपैकी कोणाला तरी अशा पाट्या लिहिण्याचे काम करता येईल.

या प्रश्नाची दुसरी बाजूही टाळू नये. लेण्यांच्या हद्दीतल्या गावाचे नावच लेणापूर आहे. तेथील आणि फर्दापूर परिसरातील कितीतरी घरे या लेण्यांवर चालतात. मार्गदर्शक, डोलीवाले, दगड-स्फटिक विकणारे, चहावाले. २०२० च्या महामारीत लेणी अनेक महिने बंद राहिली. भिंतींना विसावा मिळाला, पण या घरांच्या चुली थंडावल्या. तेव्हा माणसे कमी करा असे म्हणणारा विचार अपुरा आहे. 'कमी' याची किंमत सर्वांत गरीब माणसानेच चुकवायची असेल तर ती व्यवस्था टिकत नाही आणि टिकावी असेही नाही.

येथेही उषवदाताचा लेख मदतीला येतो. त्याने रक्कम तिजोरीत पुरली नाही, विणकरांकडे दिली. विणकर त्या भांडवलावर माग चालवीत, कापड विणीत, आणि त्यातून व्याज देत. म्हणजे डोंगरावरच्या भिक्षूच्या वस्त्राची आणि खालच्या गावातल्या विणकराच्या पोटाची एकच व्यवस्था होती. लेण्याचे रक्षण हा गावाच्या उत्पन्नाचा भाग होता. आपण योजना आखतो तेव्हा नेमके हे निसटते. अजिंठ्याजवळ मोठ्या खर्चाने अभ्यागत केंद्र उभे राहिले, त्यात प्रमुख लेण्यांच्या प्रतिकृती झाल्या. मूळ चित्रांवरचा भार हलका करण्याची ती चांगली कल्पना होती. पण वीज-पाण्याची देयके थकल्यामुळे ते केंद्र काही वर्षांतच बंद पडले. तेथे लेणे होते, निवी नव्हती. बांधकामासाठी पैसा उभा राहिला, दरवर्षीच्या देखभालीसाठी मात्र ठेव राखलेली नव्हती. लेणापूर-फर्दापूरच्या माणसांना राखणीच्या कामात कायमचे वेतन आणि प्रवेशशुल्कात ठरलेला वाटा मिळाला, तर आजच्या श्रेणी त्याच होतील.

मित्रहो, आपल्यापैकी सर्वांना अजिंठ्याला जाणे जमेलच असे नाही. पण प्रत्येकाच्या तालुक्यात एखादे टेकाड, एखादे टाके, एखादे जुने देऊळ, एखादे अभयारण्य आहे. आमच्याकडे कारंजा-सोहोळला काळविटांचे रान आहे, वाशीमला पद्मतीर्थ आहे. शेजारी बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे, ज्याला २०२० मध्ये रामसर पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. आपण निवडलेल्या एका स्थळी जा आणि तीन शब्द मनाशी धरून दोन पाने लिहा. पोढी: येथे येणाऱ्यांचे पाणी कोठून येते आणि वापरल्यावर कोठे जाते? वर्षावास: या जागेला वर्षातून किंवा आठवड्यातून विसावा मिळतो काय? अखयनिवी: येथले बेणे कोणते, त्यावर आज कोण जगते, आणि आपण त्याचे व्याज खातो आहोत की मुद्दल? लिहिताना आपल्या गावातले शब्द वापरा. वर्गात सर्वांत अचूक व्याख्या त्यांतूनच मिळाली होती.

आणि अजिंठ्याला जाणे झालेच, तर सोमवार टाळा, पाण्याची बाटली परत घेऊन या, आणि सोळाव्या लेण्याच्या ओसरीबाहेर वराहदेवाच्या लेखासमोर थोडे थांबा. तो खुल्या उजेडात आहे. आपल्या श्वासाने त्याचे काही बिघडत नाही, त्यामुळे तेथे कोणी वेळ मोजणार नाही.